विश्लेषण : पर्यावरण मंजुरी मिळाली, अटींचे पुढे काय होते?

महामार्ग, बंदर, खाण, विमानतळ किंवा औष्णिक वीज केंद्र. प्रकल्प कोणताही असो, वाद पेटतो तो मंजुरीच्या आधी. जनसुनावणीत घोषणा होतात, हरकतींचे गठ्ठे जमा होतात, अहवालातील चुका दाखवल्या जातात. मग एके दिवशी मंजुरीचे पत्र येते. त्यात २०, ३०, कधी ५०हून अधिक अटी असतात. त्यानंतर मात्र सारे शांत होते. अटी पाळल्या का, अहवालात वर्तवलेले परिणाम खरे ठरले का, झाडे जगली का, विहिरींचे पाणी टिकले का, हे प्रश्न फारसे कुणी विचारत नाही. प्रकल्पाआधीचे मूल्यांकन आणि प्रकल्प चालू असतानाचे पर्यावरण व्यवस्थापन यांतील दुवा भारतात इतका कच्चा का राहिला, तो जोडण्याचे प्रयत्न कुठे झाले आणि त्यातून काय शिकता येते, याचा हा आढावा.

पर्यावरण आघात मूल्यांकन म्हणजे काय?

एखाद्या प्रकल्पामुळे हवा, पाणी, जमीन, जंगल, जीवसृष्टी आणि माणसांच्या जगण्यावर काय परिणाम होतील, याचा प्रकल्प सुरू होण्यापूर्वी घेतलेला अंदाज म्हणजे पर्यावरण आघात मूल्यांकन, अर्थात ‘ईआयए’. अमेरिकेने १९६९च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने ही कल्पना प्रथम कायद्यात आणली. भारतात पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ अंतर्गत २७ जानेवारी १९९४ रोजी पहिली अधिसूचना निघाली आणि ठरावीक प्रकल्पांना पूर्वमंजुरी बंधनकारक झाली. सध्याची व्यवस्था १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेवर उभी आहे. तिच्यात त्यानंतर अनेकदा दुरुस्त्या झाल्या.

या अधिसूचनेनुसार मोठे प्रकल्प ‘अ’ गटात येतात आणि त्यांचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालय घेते. ‘ब’ गटातील प्रकल्पांचा निर्णय राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण घेते. प्रक्रियेचे टप्पे चार. प्रकल्पाला सविस्तर अभ्यास लागेल का हे ठरवणारी छाननी, अभ्यासाची व्याप्ती निश्चित करणे, जनसुनावणीसह लोकांचा सल्ला आणि शेवटी तज्ज्ञ समितीकडून मूल्यमापन.

या चार टप्प्यांत ‘मंजुरीनंतरची देखरेख’ नाही, ही लक्षात घेण्याजोगी बाब. ती अधिसूचनेत पुढे, दहाव्या परिच्छेदात येते. परीक्षेची तयारी चार धड्यांत आणि परीक्षेनंतरच्या अभ्यासाचा उल्लेख तळटिपेत, असा हा प्रकार आहे.

व्यवस्थापन आराखडा कशासाठी असतो?

मूल्यांकन अहवालाचा साचा अधिसूचनेतच दिलेला आहे. त्यातील चौथे प्रकरण संभाव्य परिणाम आणि ते कमी करण्याच्या उपायांचे, सहावे प्रकरण देखरेखीच्या कार्यक्रमाचे आणि दहावे प्रकरण पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याचे असते. म्हणजे ‘काय होईल’, ‘ते कसे मोजायचे’ आणि ‘कोण काय करणार’ या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच दस्तऐवजात असणे अपेक्षित आहे. तज्ज्ञ समिती याच आराखड्याच्या आधारे मंजुरीच्या अटी ठरवते.

मंजुरीपत्रात काही अटी बहुतेक वेळा सारख्याच असतात. कंपनीत स्वतंत्र पर्यावरण कक्ष असावा, आराखड्यासाठीचा निधी वेगळ्या खात्यात ठेवावा आणि तो इतरत्र वळवू नये, मंजुरी मिळाल्याची जाहिरात स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यावी, प्रदूषणाची आकडेवारी प्रवेशद्वाराजवळ लोकांना दिसेल अशी लावावी आणि अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबरला, सादर करावा. हे सहामाही अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत, असे अधिसूचना स्पष्टपणे सांगते.

कागदावर ही साखळी पूर्ण दिसते. प्रत्यक्षात मात्र मूल्यांकन करणारा सल्लागार वेगळा, बांधकाम करणारा कंत्राटदार वेगळा आणि प्रकल्प चालवणारा अधिकारी तिसराच. मंजुरी मिळाली की सल्लागाराचे काम संपते. कंत्राटदाराच्या निविदेत आराखड्यातील कामांचा आणि त्यांच्या खर्चाचा उल्लेख असतोच असे नाही. आराखडा कपाटात राहतो आणि जेसीबी डोंगरावर पोहोचते.

दुवा नेमका कुठे तुटतो?

पहिली अडचण अंदाजाच्या पायाची. बहुतेक प्रकल्पांसाठी पावसाळा वगळून एकाच ऋतूची माहिती गोळा केली तरी चालते. कोकण, गोवा किंवा सह्याद्रीच्या पट्ट्यात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको. कातळसड्यांवरची फुले, बेडूक, ओहोळ, झरे, डोंगरउतारावरून वाहून येणारी माती, हे सगळे ज्या चार महिन्यांत दिसते तेच महिने अभ्यासातून गळतात. मोठ्या नदीखोरे प्रकल्पांसाठी अधिक ऋतूंची माहिती मागितली जाते, पण तो अपवाद. खाणीसारखा प्रकल्प दशकानुदशके चालतो. त्याच्या परिणामांचा अंदाज मात्र काही महिन्यांच्या नोंदींवर बांधलेला असतो. म्हणूनच नंतरची देखरेख महत्त्वाची. अंदाज चुकणारच, तो चुकला हे वेळेत कळले पाहिजे.

दुसरी अडचण अटींच्या भाषेची. ‘धूळ नियंत्रणासाठी योग्य ते उपाय करावेत’ ही अट पाळली की मोडली, हे कुणीच सिद्ध करू शकत नाही. समजा, एखाद्या खडी केंद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर वाडी आहे. हवेतील पीएम १० या धूलिकणांची २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आहे. ‘वाडीच्या शाळेजवळ यंत्र बसवावे, पातळी ८०वर गेली की पाण्याची फवारणी वाढवावी, १०० ओलांडली की काम थांबवावे आणि नोंद ग्रामपंचायतीला त्याच दिवशी द्यावी’ अशी अट घातली, तर तिथला शिक्षकही पालन तपासू शकेल. पहिली अट सदिच्छेची, दुसरी व्यवस्थापनाची.

तिसरी अडचण म्हणजे आराखडा गोठलेला असतो. प्रकल्प बदलतो, शेजारी दुसरा प्रकल्प येतो, पावसाचे स्वरूप बदलते. अहवालातील उपाय मात्र मंजुरीच्या दिवशी होते तेच राहतात. देखरेखीतून मिळालेल्या माहितीने आराखडा बदलण्याची सक्तीची सोय जवळपास नाही.

महालेखापरीक्षकांना काय आढळले?

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक अर्थात ‘कॅग’ने पर्यावरण मंजुरी आणि मंजुरीनंतरची देखरेख याच विषयावर २०१६चा ३९ क्रमांकाचा अहवाल तयार केला. तो मार्च २०१७मध्ये संसदेत मांडला गेला. मंजुरी प्रक्रियेसाठी २१६ आणि मंजुरीनंतरच्या देखरेखीसाठी ३५२ प्रकल्प तपासण्यात आले. एक चतुर्थांश प्रकरणांत मूल्यांकन अहवाल ठरवून दिलेल्या अभ्यासकक्षेनुसार नव्हते. सहामाही अहवाल मोठ्या प्रमाणावर सादरच होत नव्हते. मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयांकडे शास्त्रज्ञांची कमतरता होती. अटींचा भंग आढळला तरी कारवाईचे अधिकार या कार्यालयांकडे नव्हते, त्यांना केवळ मंत्रालयाला कळवता येत होते.

थोडक्यात, ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याच्या हातात दंडुका नाही आणि ज्याच्या हातात दंडुका आहे तो दिल्लीत. त्यातही प्रदूषण नियंत्रण मंडळांचा कारभार वेगळा. १९७४चा जल कायदा आणि १९८१चा वायू कायदा यांखाली मंडळे प्रकल्पांना संमतिपत्र देतात आणि त्याच्याही अटी असतात. एकाच धुराड्यावर दोन यंत्रणांची नजर असूनही जबाबदारी कुणाची, हा प्रश्न अनेकदा लोंबकळत राहतो.

मोपा प्रकरण काय सांगते?

गोव्यातील मोपा विमानतळाला २८ ऑक्टोबर २०१५ रोजी पर्यावरण मंजुरी मिळाली. पेडणे तालुक्यातील पठारावरचा हा प्रकल्प महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१८मध्ये जादा अटी घालून मंजुरी कायम ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ मार्च २०१९ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. हेमंत गुप्ता यांच्या खंडपीठाने मंजुरी स्थगित केली.

कारणे मूळ अर्जातच होती. आसपासची वने आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती अर्जात नीट उघड केलेली नव्हती. ५० हजारांहून अधिक झाडे तोडावी लागणार होती, त्याचेही चित्र सुरुवातीला स्पष्ट नव्हते. सीमेपलीकडील सिंधुदुर्गातील संवेदनशील गावांचा विचार अपुरा होता. परिणामांच्या यादीतच जे नाही, त्यावर उपाय आराखड्यात येणार कुठून, असा हा सरळ प्रश्न होता. न्यायालयाने तज्ज्ञ समितीला फेरविचार करण्यास सांगितले.

समितीने फेरविचार करून आणखी अटी सुचवल्या. १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली. या आदेशाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्यासाठी न्यायालयाने नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, म्हणजे ‘नीरी’ची नेमणूक केली. मंजुरी देणारी यंत्रणा, प्रकल्प चालवणारी कंपनी आणि तपासणारी संस्था या तिघी वेगळ्या झाल्या. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३पासून तिथून नियमित उड्डाणे सुरू झाली.

प्रकल्प थांबला नाही, पण दुवा जोडला गेला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई गेल्यानंतर. प्रत्येक खडी केंद्रासाठी किंवा प्रत्येक गृहसंकुलासाठी हे शक्य नाही, हीच या उदाहरणाची मर्यादा.

डहाणूत काय वेगळे घडले?

महाराष्ट्रात याचे याहून जुने उदाहरण पालघर जिल्ह्यात आहे. केंद्राने १९९१मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६च्या आदेशानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दोन दशकांहून अधिक काळ त्याचे अध्यक्षपद सांभाळले. जानेवारी २०१९मध्ये त्यांचे निधन झाले.

डहाणूत ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा, म्हणजे ‘एफजीडी’, बसवण्याचा प्रश्न मूळ मंजुरीपासूनच चर्चेत होता. परिसरात चिकूच्या बागा. बागायतदारांची आणि आदिवासी पाड्यांची चिंता धुराची आणि राखेची. प्राधिकरणाने १९९९मध्ये ही यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. त्यानंतर वाद, न्यायालयीन लढे, कंपनीकडून बँक हमीची मागणी असे सारे झाले. अखेर २००७मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा सुरू झाली. आदेश ते अंमलबजावणी, आठ वर्षे लागली.

ही आठ वर्षे जास्त वाटतील. पण देशाच्या पातळीवर काय झाले ते पाहिले, तर डहाणूचे वेगळेपण कळते. केंद्राने औष्णिक वीज केंद्रांसाठी उत्सर्जनाचे नवे निकष डिसेंबर २०१५मध्ये लागू केले आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत वारंवार वाढली. जुलै २०२५मध्ये तर नव्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य कोळसा केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या या बंधनातून सूटच मिळाली. डहाणूत अट सुटली नाही, कारण तिचा पाठपुरावा करणारी, त्याच तालुक्यापुरती बांधलेली, सुनावणी घेणारी आणि आदेश देऊ शकणारी कायमची यंत्रणा होती.

या प्राधिकरणाचे सारेच निर्णय सर्वांना पटले असे नाही. याच प्राधिकरणाने १९९८मध्ये वाढवण बंदराला मनाई केली होती आणि ३१ जुलै २०२३ रोजी नव्या बंदर प्रस्तावाला अटींसह ना हरकत दिली. मच्छीमार संघटनांचा त्याला तीव्र विरोध आहे. बंदराचे काम सुरू झाले असताना त्या अटींचा पाठपुरावा कसा होतो, ही आता प्राधिकरणाची खरी कसोटी आहे.

तपासनिसाला पैसे कोण देतो?

मूल्यांकन अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराची फी प्रकल्पकर्ता देतो. सल्लागारांना मान्यता लागते, तरीही ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याच्याविरुद्ध लिहायचे कसे, हा पेच सुटत नाही. पुढच्या लेखापरीक्षणातही तेच.

याचा पुरावा शेजारच्या गुजरातमध्ये मिळाला. तिथे प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांसाठी खासगी लेखापरीक्षकांची योजना उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने १९९६पासून होती. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळासोबत तिथे प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या पद्धतीत लेखापरीक्षकांच्या मते धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने फक्त ७ टक्के होते. प्रत्यक्षात ते ५९ टक्के होते.

मग काही कारखान्यांसाठी पद्धत बदलली. कोणता लेखापरीक्षक कुठे जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. पैसे कारखान्याऐवजी मध्यवर्ती निधीतून दिले गेले. काही मोजमापे दुसऱ्या पथकाने पुन्हा तपासली. परिणामी खोटे ‘सर्व ठीक’ अहवाल कमालीचे घटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. माणसे तीच, यंत्रे तीच. फक्त पैशाची वाट बदलली.

केंद्राने २९ ऑगस्ट २०२५ रोजी पर्यावरण लेखापरीक्षण नियम अधिसूचित केले. त्यात नोंदणीकृत लेखापरीक्षक आणि त्यांची यादृच्छिक नेमणूक यांची तरतूद आहे. ती कागदावरून जमिनीवर कशी येते आणि फेरतपासणी किती काटेकोर होते, यावर नियमांचे यश ठरेल.

इतर देशांनी हा दुवा कसा जोडला?

हाँगकाँगमध्ये १९९८पासून मूल्यांकनाचा स्वतंत्र कायदा आहे. तिथे देखरेख आणि लेखापरीक्षणाची पुस्तिका हा मूल्यांकनाचाच भाग असतो. धूळ, आवाज, पाण्याचा गढूळपणा यांसाठी दोन पातळ्या ठरतात. पहिली इशाऱ्याची, दुसरी मर्यादेची. कोणती पातळी ओलांडली की कंत्राटदार, सल्लागार आणि स्वतंत्र तपासनीस यांनी काय करायचे, हे आधीच लिहिलेले असते. वाद घालत बसण्याची वेळच येत नाही.

कॅनडात एकाटी हिऱ्याच्या खाणीसाठी १९९७मध्ये स्वतंत्र पर्यावरण देखरेख संस्था स्थापन झाली. तिच्या मंडळावर स्थानिक आदिवासी समुदायांनी सुचवलेले सदस्य असतात. कॅरिबू हरणांच्या वाटा किंवा तलावातील मासे यांबाबतचे स्थानिकांचे ज्ञान तिथे कागदावर येते. युरोपीय संघाने २०१४च्या सुधारित निर्देशाने गंभीर परिणाम संभवणाऱ्या प्रकल्पांसाठी मंजुरीनंतरची देखरेख बंधनकारक केली.

उद्योगांच्या बाजूने आयएसओ १४००१ हे प्रमाणपत्र १९९६पासून आहे. ‘योजना, कृती, तपासणी, सुधारणा’ या चक्रावर ते चालते. भारतातील अनेक कंपन्यांकडे ते असते. पण तेथेही एक फट राहते. कंपनी आपली पर्यावरण उद्दिष्टे स्वतः ठरवते. मूल्यांकनात गावकऱ्यांच्या विहिरींचा धोका नोंदलेला असेल आणि कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीत कागदाची बचत हे उद्दिष्ट असेल, तर प्रमाणपत्र खरे आणि विहीर कोरडी, अशी अवस्था होऊ शकते. मूल्यांकनातील प्रत्येक गंभीर परिणाम कंपनीच्या प्रणालीत उद्दिष्ट म्हणून आला पाहिजे, असे अभ्यासक म्हणतात ते यामुळेच.

कायदा कडक होतो आहे की सैल?

चित्र दुहेरी आहे. मार्च २०२०च्या मसुदा अधिसूचनेत सहामाहीऐवजी वार्षिक अहवालाचा प्रस्ताव होता. त्यावर देशभरातून हरकती आल्या आणि तो मसुदा अंतिम झाला नाही. जनविश्वास कायदा, २०२३ने पर्यावरण (संरक्षण) कायद्यातील शिक्षेचे स्वरूप बदलले. पूर्वी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड होता. १ एप्रिल २०२४पासून तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आला. तुरुंगाची शिक्षा क्वचितच होत असे, त्यामुळे झटपट दंड परिणामकारक ठरेल, असा एक मतप्रवाह आहे. हजारो कोटींच्या प्रकल्पाला १५ लाखांचा धाक कसला, असा दुसरा.

आधी प्रकल्प आणि मग मंजुरी, या प्रकारावरही संघर्ष सुरू आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२०मध्ये अलेम्बिक प्रकरणात पश्चातमंजुरी कायद्याशी विसंगत असल्याचे म्हटले होते. १६ मे २०२५ रोजी वनशक्ती या मुंबईतील संस्थेच्या याचिकेवर न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने अशी सोय देणारी २०१७ची अधिसूचना आणि २०२१चे कार्यालयीन परिपत्रक रद्द केले. पण १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन सदस्यीय खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. न्या. भुयान यांनी भिन्नमत नोंदवले. या वादाचा देखरेखीशी थेट संबंध आहे. प्रकल्प उभा राहिल्यावर मूल्यांकन करायचे, तर ‘आधी कसे होते’ याची नोंदच राहत नाही. तुलना करायला काही नसेल, तर व्यवस्थापन कशाचे करायचे?

नागरिकांना काय करता येते?

सहामाही अहवाल सार्वजनिक आहेत. मंजुरीपत्रे, अहवाल आणि बैठकांची इतिवृत्ते केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर शोधता येतात. हे पोर्टल ऑगस्ट २०१८मध्ये सुरू झाले. अहवाल सापडला नाही, तर माहिती अधिकारात मागता येतो. वाचताना मूल्यांकन अहवालातील चौथे, सहावे आणि दहावे प्रकरण शेजारी ठेवावे. चौथ्या प्रकरणात धोका लिहिला आहे, पण सहाव्यात त्याचे मोजमाप नाही किंवा दहाव्यात त्यासाठी पैसा नाही, असे आढळले की हरकतीचा मुद्दा तयार होतो. जनसुनावणीत ‘प्रकल्प नको’ एवढेच नव्हे, तर ‘मोजमाप कुठे करणार, आकडे गावाला कधी देणार, काम कोणत्या आकड्याला थांबणार’ हेही इतिवृत्तात नोंदवून घेता येते. तीच नोंद पुढे अट बनण्याची शक्यता असते.

मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. अटींचा भंग झाल्यासही लवादाकडे दाद मागता येते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. अशा वेळी तारीख, ठिकाण, छायाचित्र आणि कोणत्या क्रमांकाची अट मोडली, हा तपशील घोषणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

हा दुवा पक्का करायचा तर?

त्यासाठी प्रत्येक वेळी नवा कायदा हवाच असे नाही. अनुभवातून पुढे आलेले उपाय साधे आहेत. अटी मोजता येतील अशा लिहाव्यात. आराखड्यातील कामे आणि त्यांचा खर्च बांधकामाच्या निविदेत समाविष्ट करावा, म्हणजे ते न केल्यास कंत्राटदाराचे बिल अडेल. तपासनिसाची नेमणूक आणि फी प्रकल्पकर्त्याच्या हातात नसावी. प्रादेशिक कार्यालयांना मनुष्यबळासोबत कारवाईचे अधिकार द्यावेत. ठरावीक वर्षांनी अंदाज आणि वास्तव यांची तुलना करून आराखडा सुधारणे सक्तीचे करावे आणि ती तुलना पुढच्या प्रकल्पाच्या तज्ज्ञ समितीपुढे ठेवावी. आज एका प्रकल्पात चुकलेला अंदाज दुसऱ्या प्रकल्पाच्या अहवालात जसाच्या तसा उतरतो, कारण तो चुकला हे कुणी तपासलेलेच नसते.

मोठ्या प्रकल्पांच्या पट्ट्यात डहाणूसारखी स्थानिक, अधिकार असलेली यंत्रणा उभारणे हा याहून अवघड, पण परिणामकारक मार्ग आहे. वाढवण, कोकणातील खनिज पट्टे, विदर्भातील कोळसा क्षेत्र आणि गोव्यात पुन्हा सुरू होणाऱ्या लोहखनिज खाणी या सर्व ठिकाणी पुढची काही वर्षे मंजुरीपेक्षा अंमलबजावणीची असणार आहेत. मंजुरी हा पर्यावरण रक्षणाचा शेवट मानला, तर अटींची पत्रे फायलीत साठत जातील. ती सुरुवात मानली, तर त्यातील प्रत्येक ओळ हा त्या गावाने प्रकल्पाशी केलेला करार ठरतो आणि करार मोडल्याचा हिशेब मागता येतो.